प्लायवूडची रात्र

मित्रांनो, मी एक जुनी रात्र आहे. दचकू नका, प्लायवूडची आहे. तुमच्या चर्चच्या शाळेत, रंगमंचामागे, जिमच्या गाद्यांशेजारी जी मोठी फळी भिंतीला टेकून उभी असते, तीच मी. नाताळच्या नाटकात तुम्ही मला बेथलेहेमची रात्र म्हणून उभी करता. बेथलेहेमात उंच इमारती आणि छपरावर हॉटेलाची पाटी कशी काय, असं आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही. पालक नाटकात स्वतःच्या मुलाशिवाय काही बघत नाहीत, हे माझं नशीब.

माझा जन्म इथंच, बरबँकमधल्या एका टीव्ही स्टुडिओच्या सुतारखान्यात झाला. वेंडेल क्राऊस नावाच्या एका विनोदवीराला रोज रात्री साडेअकराला साऱ्या देशाला हसवायचं काम मिळालं होतं. आता रात्री साडेअकराला दिसणारा कार्यक्रम रात्री साडेअकराला होत नाही, हे तुम्हाला या गावात कुणी सांगायला नको. तो संध्याकाळी पाचलाच सुरू करून, फितीवर घेऊन उरकलेला असतो. बाहेर कॅलिफोर्नियाचं ऊन रटरटतंय, प्रेक्षक अर्ध्या चड्ड्या घालून, सोललेली नाकं घेऊन रांगेत उभे आहेत, आणि आत मात्र मध्यरात्र हवी. म्हणून मला बनवण्यात आलं.

सुतारांनी माझ्या अंगाला भोकं पाडून खिडक्या केल्या. रूफस नावाच्या दिवेवाल्यानं प्रत्येक खिडकीमागे बल्ब लावला. पर्ल नावाच्या बाईनं मला रंगवलं. पर्लनं चंद्रही काढला होता. वेंडेल आला, त्यानं चंद्राकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "पुसा. लोकांना हा माझ्यापेक्षा जास्त आवडेल." चंद्र गेला. त्या जागी एक इमारत आली, आणि ती फारच बोडकी दिसते म्हणून पर्लनं तिच्यावर नुसत्या ब्रशानं एक खिडकी काढून टाकली.

रूफस वैतागला. "अगं बाई, तिथं भोकच नाही. दिवा कुठून आणू?"

"कशाला हवा दिवा? प्रत्येक इमारतीत एखादी खिडकी बंदच असते."

अशी माझ्या अंगावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, एक करडी खिडकी राहिली. तिच्यामागे बल्ब नव्हता, वायर नव्हती. तिच्यामागे मीच होते, घट्ट लाकूड.

मग माझी नोकरी सुरू झाली. स्टुडिओ शवागारासारखा गार ठेवत. थंडीत माणूस जागा राहतो आणि जागा माणूस हसतो, असं या धंद्यातल्या लोकांचं शास्त्र आहे. माझ्यापुढे वेंडेलचं टेबल. टेबलावर कॉफीचा कप, कपात साधं पाणी. वेंडेल माझ्याकडे पाठ करून बसे. त्याचा चेहरा देशातल्या लहान पोरालाही ठाऊक होता, पण मला दिसायची ती त्याची मान. त्याच्या टकलाचा जन्म, बालपण आणि भरभराट मी जवळून पाहिली.

माझंही कौतुक झालं. ओहायोच्या एका गृहस्थानं पत्र लिहून कळवलं होतं, की डावीकडून तिसऱ्या इमारतीत मी पूर्वी राहायचो, घरमालक अजून तसाच नालायक आहे का? वेंडेलनं ते पत्र कार्यक्रमात वाचलं. मला अभिमान वाटला. खोट्या वस्तूला आणखी काय हवं असतं?

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगू शकले नाही. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, स्टुडिओ रिकामा असताना, सगळे दिवे बंद असताना, त्या रंगवलेल्या खिडकीपाशी मला कधी कधी ऊब जाणवायची. पहिल्यांदा मला वाटलं वाळवी. पण वाळवी खाते, मित्रांनो. ही ऊब काही खात नव्हती. कुणीतरी पलीकडून कपाळ टेकून बाहेर बघत असावं, तशी ती यायची आणि जायची. स्वतःच्या आत काय आहे ते मला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही म्हणा.

अशी कितीतरी वर्षं गेली. वेंडेलची मान सुरकुतली. माझं आकाश धुरानं पिवळट पडलं. चॅनेलवाले कुजबुजू लागले, की ही जुनाट रात्र काढून मागे चकचकीत काच बसवू या. आणि मग तो दिवस आला.

पाच वाजले. वेंडेलनं रोजच्यासारखी सुरुवात केली. "मंडळी, तुम्ही हे बघताय तेव्हा मी घरी ढाराढूर झोपलोय. कृपा करून उठवू नका." रोजचं वाक्य, रोजचा हशा.

मग तो डॉक्टरकडे गेल्याची गोष्ट सांगू लागला. "डॉक्टर म्हणाला, मीठ बंद, साखर बंद, सिगारेट बंद. म्हटलं, अहो, मग चालू काय ठेवू? म्हणाला, घड्याळ."

लोक हसले. त्याच क्षणी माझ्या वरच्या कोपऱ्यात ऊब आली, आणि या वेळी ऊब थांबली नाही. ती वाढत गेली. उजेड झाला. संध्याकाळी स्वयंपाकघरात असतो तसा पिवळा, घरगुती उजेड. तो वेंडेलच्या खांद्यावर पडला, आणि वेंडेल वळला.

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. मी त्याचा चेहरा पाहिला. प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्यांना दिसलं ते टक्कल.

तो पुन्हा समोर फिरला. "माफ करा हं. मागच्या बिल्डिंगमधून कुणीतरी हाक मारली."

हशा उसळला. लोकांना वाटलं, नवा विनोद आहे. पाहुणी आली, गाणारी कुणी पोरगी होती, तिच्याशी बोलता बोलता तो पुन्हा वळला आणि वर बघून म्हणाला, "ऐकू आलं हो! ओरडताय कशाला? सगळी आळी जागी कराल." लोक टाळ्या पिटू लागले. शेवटी निरोपाची वेळ आली, तेव्हा तो तिसऱ्यांदा वळला, आणि या वेळी खूप वेळ वळलेलाच राहिला.

"आलो, आलो! एवढं संपवू द्या की. ही माणसं लांबून आलीत."

वेंडेलला आयुष्यात मिळालेला तो सर्वांत मोठा हशा. तो इतका लांबला, की काचेच्या खोलीत बसलेला निर्माता सिड गार्बर खुर्चीतून उठून उभा राहिला.

कार्यक्रम संपला. लोक उन्हात निघून गेले. रूफसनं खटका ओढला, माझ्या खिडक्या विझल्या. एक सोडून. ती शेगडी निवावी तशी हळूहळू विझली. रूफस वर बघत उभा होता. मग त्यानं बंद असलेला खटका पुन्हा एकदा बंद केला आणि निघून गेला.

थोड्याच वेळात रंगपटातून मेकअपवाली धावत आली. वेंडेल आरशासमोर खुर्चीत बसला होता. हातात टॉवेल होता, निम्मा रंग पुसून झाला होता, आणि तो गेला होता.

मित्रांनो, आता अडचण समजून घ्या. वेंडेल गेला होता आणि साडेअकराला तो सगळ्या देशाला भेटणार होता.

त्याची बायको लिओना आली. त्याच्या खोलीत बसून झाल्यावर ती स्टुडिओत आली, माझ्यासमोर, त्याच्या खुर्चीत बसली. सिड तिच्याशी हलक्या आवाजात बोलू लागला.

"लिओना, आज जुना कार्यक्रम लावू. गेल्या वर्षीचा नाताळचा चांगला झाला होता."

"नाताळचा भिकार होता. तोच म्हणायचा."

"बरं, दुसरा लावू. पण आजचा नको. पहिलंच वाक्य आहे, मी झोपलोय, उठवू नका. कसं दाखवू गं मी ते? आणि त्याचं ते मागं वळून बोलणं. उद्या लोक म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता आणि यांनी त्याला नाचवला."

"दाखव मला."

सिडनं फीत लावली. लिओनानं पाहिली. पडद्यावर ती खिडकी काळीच होती. तिसऱ्या वेळी वेंडेल वळला तेव्हा लिओना म्हणाली, "थांबव. याचा चेहरा कुठंय?"

"चेहरा कसा येईल? मागं भिंत आहे. भिंतीत कॅमेरा कोण ठेवतं?"

लिओना मग म्हणाली, "सिड, मला एकच गोष्ट कळायला हवी. तो घाबरला होता का? घाबरला असेल, तर यातला एक तुकडाही दाखवायचा नाही. घाबरलेल्या माणसाला हसायचं नाही कुणी. माझ्या नवऱ्याला तर नाहीच. आणि घाबरला नसेल, तर सगळं दाखव. झोपेचं वाक्यसुद्धा. एक शब्द कापलास तर तो रोज तुझ्या उशाशी येऊन बसेल, आणि तू त्याला ओळखतोस. विनोद सांगत बसेल."

"अगं, पण ते आता कोण सांगणार?"

मी सांगू शकत होते. या जगात मी एकटीच सांगू शकत होते. मी सगळा जोर लावला. पण प्लायवूडच्या रात्रीला फक्त करकरता येतं. मी करकरले.

"लाकूड आहे," सिड म्हणाला. "एसी बंद केला की वाजतं."

लिओना उठली. रूफसला बोलावलं, फितीत वेंडेल जिकडे बघत होता त्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि शिडी मागितली. तो म्हणाला, "मिसेस क्राऊस, त्या खिडकीत दिवा नाहीये. भोकच नाहीये तिथं. मी तुम्हाला आधीच सांगतो." सांगताना तो वर बघत नव्हता. लिओना तरी चढली. तिनं माझ्या त्या रंगवलेल्या खिडकीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. तिला ऊब लागली की नाही, मला माहीत नाही. मला तिच्या हाताची लागली.

खाली उतरून ती पुन्हा पडद्यासमोर गेली. थांबलेल्या चित्रात वेंडेलची पाठ होती. ती पाठीकडे बघत राहिली.

"त्याचे खांदे बघ," ती म्हणाली. "हा घाबरला की याचे खांदे कानाला लागतात. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत याला मान नाही. इथं बघ, खांदे खाली आहेत. मान दिसतेय अख्खी." तिनं नाक पुसलं. "दाखव. पूर्ण दाखव."

"नक्की?"

"खांद्यांचं नक्की. चेहऱ्याचं मी काय सांगू?"

साडेअकराला देशानं वेंडेल क्राऊसला पाहिलं आणि देश पोट धरधरून हसला. सकाळी पेपर आला, तेव्हा हसलेल्या लोकांच्या अंगावर काटा आला. पत्रांच्या गोण्या येऊन पडल्या. आम्ही मेलेल्या माणसाला हसलो, आता आमचं काय होईल, असं लोक विचारत होते. काहींनी लिहिलं, की वर डावीकडची एक खिडकी आमच्याकडे पेटलेली दिसत होती. सिडनं फीत पुन्हा लावून पाहिली. खिडकी काळीच होती. त्यानं ती फीत परत कधी लावली नाही.

वेंडेलच्या जागी नवा विनोदवीर आला. त्याच्यामागे काच आली. माझी रवानगी गोदामात झाली. तिथं उंदरांनी माझं पाव आकाश खाल्लं. कुणी येत नसे. ऊबही येत नसे. लाकडाला एकटं वाटतं की नाही, यावर मतभेद आहेत. मी माझं मत देणार नाही. पण एक दिवस दार उघडलं आणि लिओना आत आली. मी जळणात जाणार हे तिला कुणीतरी कळवलं होतं. तिनं मला उचलून तुमच्या शाळेला दिलं, कारण शाळा तिच्या घराच्या कोपऱ्यावर आहे.

तिला तुम्ही ओळखता. प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत ती निळी टोपी घालून बसते. तिचं एकही पोर नाटकात नसतं. ती तुमच्याकडे बघत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. ती माझ्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगावं अशी पद्धत आहे, म्हणून सांगते. माझ्यावर खिळे ठोकू नका. खिडक्यांना च्युइंगम चिकटवू नका. आणि तुमचे विज्ञानाचे मास्तर त्या करड्या खिडकीला भोक पाडून बल्ब लावू म्हणतात, त्यांना कसंही करून अडवा. कसंही करून. पण खरं मागणं वेगळंच आहे.

लिओना आता फार म्हातारी झाली आहे. तिला अजून तो चेहरा कळलेला नाही. मी पाहिलाय, पण मी करकरते. तुम्हाला चेहरा आहे.

म्हणून या नाताळला, नाटक संपलं की तुमच्यापैकी कुणीतरी खाली उतरा. तिच्यापाशी जा. बोलू नका, तिला हल्ली ऐकू येत नाही. समोर उभे राहा, उजेडात. खांदे खाली सोडा. भुवया वर घ्या. तोंड अगदी किंचित उघडं ठेवा. आयुष्यभर सगळ्यांना गोष्टी सांगून सांगून दमलेल्या माणसाला कुणीतरी एकदा म्हणालं, बस बाबा आता, मी सांगतो तू ऐक, तर तो कसा बघेल, तसं तिच्याकडे बघा. आणि हसू वाटेत ठेवा. ओठांवर पोचू देऊ नका. त्याचंही पोचलं नव्हतं, नुसतं निघालं होतं.