चुकांच्या रकान्यातली ओवी

०००

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि आपली गोष्ट मान वर करून सांगावी असं माझ्यात काही उरलेलं नाही. माझ्या अंगावर दोन चकत्या आहेत. एका चकतीवरची तपकिरी फीत दुसरीवर जाते, तसा बाजूच्या खिडकीतला आकडा पुढे सरकतो. त्या आकड्यांच्या आधारानं मी बोलणार आहे. मधे काही ठिकाणी बोलणं तुटेल. तिथलं माझ्याकडे नाहीच.

०१४

माझा जन्म दूरच्या देशातल्या कारखान्यात झाला. १९६८ साली मी बिदरच्या मैलूर भागात आलो. तेव्हा आपल्या कर्नाटक राज्याला म्हैसूर म्हणत. मला आणणाऱ्या बाईंचं नाव शिवगंगा. त्यांचे वडील बंडेप्पा धान्याचे व्यापारी होते. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि बंडेप्पांची सही उर्दूत. शिवगंगाबाई संगीत शिकल्या होत्या. गावोगावच्या बायकांची गाणी गोळा करायची आणि त्यांवर प्रबंध लिहायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मला खांद्याला अडकवून त्या एसटीनं फिरायच्या. माझं वजन एका भरल्या घागरीएवढं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

माझा आवाज फार स्वच्छ होता. लोक तसं म्हणायचे. मला ते आवडायचं.

०३१

मंठाळला आम्ही सरुबाईंकडे गेलो. सरुबाईंच्या घरानं छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतला होता. त्या स्वतः ओव्या रचायच्या. त्यांची मुलगी चांगुणा बारा वर्षांची होती, आणि त्या घरातून शाळेत गेलेली ती पहिलीच. सरुबाई गायल्या:

शाळेला ग जाती । चांगुणा माझी बाई
पाटी-पुस्तकाला । दिष्ट लागू न्हाई

ओवी संपली की सरुबाई बोलायला लागायच्या. बोलणं सुरू झालं की शिवगंगाबाई माझं बटण दाबायच्या. सगळे संशोधक तेव्हा तसंच करत. फीत थोडी, गाणी फार. गाणं घ्यायचं, बोलणं सोडायचं.

"ही ओवी कामून केली सांगू का अक्का? त्या दिशी शाळेत मास्तरानं हिला—"

०३२

बघा. तुटलं. त्या मास्तरानं काय केलं, ते मला आजही माहीत नाही.

सरुबाईंच्या ते लक्षात आलं. पुढच्या ओवीनंतर बटण दाबायला शिवगंगाबाईंना क्षणभर उशीर झाला, म्हणून तेवढं माझ्याकडे राहिलं:

"काय ओ अक्का, तुमची पेटी गाणंच खाती व्हय? बोलणं पचत न्हाई का तिला?"

जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. शिवगंगाबाईही हसल्या. मीही हसलो असतो.

११९

पुढची काही वर्षं मी कपाटात होतो. शिवगंगाबाई परदेशी गेल्या आणि मेंदूचं शास्त्र शिकून आल्या. गाणं डोक्यात कुठं राहतं, बोलणं कुठं राहतं, दोन्ही एकाच घरात राहतात की शेजारी शेजारी, हा त्यांचा ध्यास होता. गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात त्यांना जागा मिळाली, तिथं त्यांनी मलाही नेलं. गाण्याच्या सभेत लोक त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणून टोचायचे आणि डॉक्टरांच्या सभेत 'गाणेवाल्या बाई' म्हणून. दोन्हीकडे त्या पाहुण्याच. वाचा गेलेलं माणूस गाण्यातून बोलू शकेल, हे आपलं म्हणणं खरं ठरेल असा एक तरी पुरावा मिळावा, म्हणून त्या तळमळायच्या. ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून त्यांना दुष्ट समजू नका.

१५०

नाही, घाई झाली. मागे घेतो.

१४२

१९८१ साली सरुबाईंना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. चांगुणा तेव्हा मन्नाएखेळ्ळीच्या शाळेत शिक्षिका होती. अक्कांची ओळख आठवून तिनं आईला गुलबर्ग्याला आणलं.

शिवगंगाबाईंनी सरुबाईंना पेला दाखवला. "हे काय आहे?" सरुबाईंचे ओठ हलले, घशातून नुसती घरघर आली. मग शिवगंगाबाईंनी जुन्या ओवीची चाल गुणगुणली. आणि सरुबाई गायल्या. शाळेला ग जाती. अख्खी ओवी, शब्दन् शब्द.

शिवगंगाबाईंचा हात माझ्या झाकणावर होता. फीत फिरतेय ना, हे त्यांनी वाकून पाहिलं.

१५०

आता आलं ते.

त्या खोलीचा एक नियम होता. नातेवाइकांनी आत यायचं नाही, कारण ते रोग्याला खाणाखुणा करून मदत करतात आणि तपासणी बिघडते. म्हणून चांगुणा बाहेर बाकावर बसायची. दारात काचेचा एक तुकडा होता.

आठवड्याला एक बैठक. प्रत्येक बैठकीत तीच ओवी म्हणायला लावायची, जुन्या ओवीशी शब्द ताडून पाहायचे आणि कागदावर दोन रकाने भरायचे. एक 'बरोबर', दुसरा 'चूक'. गाण्यांचा अभ्यास करणारे एकाच गाण्याचे वेगवेगळे पाठ असेच ताडतात. पहिल्या दोन बैठकींत चुका शून्य होत्या. तिसरीत सरुबाई गायल्या:

घराला ग ने मला । चांगुणा माझे बाई
दवाखान्यामंदी । जीव लागत न्हाई

शिवगंगाबाईंनी खाली मान घालून लिहिलं: 'शाळेला' गेलं, 'पाटी-पुस्तक' गेलं, चुका सहा. चाल अचूक.

मित्रांनो, मी ते शब्द नीट घेतले होते. एकही अक्षर पुसट नव्हतं. संध्याकाळी शिवगंगाबाईंनी मला पुन्हा पुन्हा लावलं आणि मी पुन्हा पुन्हा तेच म्हटलं. घराला ग ने मला. त्या सूर मोजत होत्या. आणि मी? मी वस्तू आहे, मी काय करणार, असं तुम्ही म्हणाल. पण खरं सांगतो. एक मोठे डॉक्टर तेव्हा म्हणाले, "काय सुरेख ध्वनिमुद्रण आहे!" मला तेवढंच ऐकू आलं.

१७३

दार अर्धं उघडं होतं आणि मी चालू राहून गेलो होतो, म्हणून हे माझ्याकडे आहे.

"अक्का, आईला घरी कधी नेऊ?"

"अजून आठ दिवस, चांगुणा. असा पेशंट जगात मिळत नाही गं."

"तुमच्या जगात न्हाई मिळत, खरं हाय. मंठाळात बी आमाला एकच हाय."

"फक्त आठ दिवस."

"मागच्या आठवड्यात बी आठच म्हणल्ता. तुमचे आठ दिस लई लांब असतेत बगा."

शिवगंगाबाई हसल्या आणि त्यांनी चांगुणाच्या पाठीवर हात ठेवला. त्या चांगल्या होत्या, असं मी म्हटलं ना. तेच तर अवघड आहे.

१९०

अशा सहा बैठका झाल्या. सातवी झाली नाही. सरुबाईंना दुसरा झटका आला आणि त्या दवाखान्यातच गेल्या. चांगुणानं त्यांना मंठाळला नेलं, टेम्पोत घालून.

२६५

पाच वर्षं गेली. शिवगंगाबाईंचा लेख परदेशात छापून आला. त्यात सरुबाईंचं नाव 'स., स्त्री, वय सत्तावन्न' असं होतं. शिवगंगाबाई प्रोफेसर झाल्या. हार आले. एकदा तर हार माझ्याही गळ्यात, म्हणजे दोन चकत्यांना मिळून घातला.

बिदरला त्यांचं मोठं व्याख्यान ठरलं. आईचं नाव झालं याचा चांगुणाला आनंद होईल, म्हणून त्यांनी स्वतः पत्र घालून तिला बोलावलं. ती पहिल्या रांगेत बसली. तिनं त्या फिती कधीच ऐकल्या नव्हत्या.

शिवगंगाबाईंनी आधी मंठाळची ओवी लावली. मग म्हणाल्या, "आता आजारातली ऐका. सूर शाबूत आहे, पण शब्द कसे विस्कटत गेले ते पाहा." आणि मी गायलो. घराला ग ने मला.

चांगुणा उभी राहिली.

"अक्का, बंद करा."

शिवगंगाबाईंनी मला थांबवलं.

"ती चूक न्हाई, अक्का. आई मला बोलायली हाय."

कुणीतरी मागून "बसा, बसा" म्हणालं.

"बसते की. अजून हाय का पुढं? लावा. समदं लावा."

शिवगंगाबाईंनी मला पुढे नेलं. मला थांबायचं होतं. निदान त्या दिवशी तरी माझी फीत तुटायला हवी होती. पण मी फार चांगल्या घडणीचा होतो. पाचव्या बैठकीतले शब्द सगळ्या सभेला स्पष्ट ऐकू गेले:

दारात ग बसली । चांगुणा माझी बाई
एवढ्या मोठ्या घरात । कुणी बोलवत न्हाई

चांगुणा रडली नाही. तिनं पिशवी उचलली. "काचेतून दिसत होते मी तिला," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

शिवगंगाबाई व्यासपीठावरच खाली बसल्या. वाचा गेलेलं माणूस गाण्यातून नवं बोलू शकतं का, हे त्या सगळं आयुष्य शोधत होत्या. सरुबाई चार आठवडे बोलत होत्या. ते सगळं 'चूक' या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

३४०

त्यांनी त्या परदेशी मासिकाला चूक कळवली. ती एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापली गेली. मग एके सकाळी त्यांनी मला आणि सहाही फितींना उचललं आणि मन्नाएखेळ्ळीला गेल्या. चांगुणाच्या दाराशी त्या किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. हाक मारायला त्यांना तोंड नव्हतं.

चांगुणाच बाहेर आली.

"बाहेर कामून उभारलाव, अक्का? आत या की."

मला त्या सभेतही इतकी शरम वाटली नव्हती.

३५२

आज १९९० साल आहे. मी चांगुणाबाईंच्या घरी आहे. माझा पट्टा सैल झाला आहे. फिती डब्यात आहेत. त्या लावायला त्यांनी कुणाला मना केलेलं नाही, पण अजून कुणी लावलेल्या नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा वेळी 'आम्हाला पुसा, तेल घाला, जपा' अशी विनवणी करतात. मी ती करणार नाही. माझ्यावर धूळ बसू द्या. मला एवढंच सांगायचं आहे की तुमच्या घरात कुणी आजारी माणूस भलतंच काही म्हणू लागलं, गाण्याचे शब्द बदलू लागलं, तर ते बरोबर की चूक हे लिहायला कागद घेऊ नका. उठून दार उघडा. बाहेर कोण बसलंय ते बघा, आणि त्याला आत बोलवा.