आत्याबाईचा तांब्या

वच्छला बजाजनगरात राहायला आली तेव्हा तिनं मनोमन एक शपथ घेतली: यापुढं जड म्हणून काही उचलायचं नाही. आणि ती तिनं इमानेइतबारे पाळली. लासूर स्टेशनपलीकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेली पोर ती. तिनं हंडे उचलले होते, सरपणाचे भारे उचलले होते, मेंढरांभोवती लावायच्या जाळ्यांची ओझी घोड्यावर चढवली होती, आणि वेळ पडली तेव्हा गाभण मेंढी कवेत घेऊन ओढाही ओलांडला होता. पुरे झालं की! नवरा त्रिंबक वाळूजच्या एका कंपनीत कायम झाला होता, दोन खोल्यांचं घर होतं, मोरीत नळ होता, ओट्यावर गॅस होता. दळणाचा डबासुद्धा त्रिंबकच्या सायकलवरून गिरणीत जायचा. लेक लग्न होऊन सासरी नांदत होती. वच्छलाला म्हणावं तर कसली ददात नव्हती.

सुख अंगी लागतं म्हणतात, हिच्या अंगी ते जरा जास्तच लागलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, वजन पाहिलं आणि सांगितलं, "बाई, गोळ्यांनी काही होणार नाही. वजन उतरवा. रोज चाला." झालं! दुसऱ्या दिवसापासून नऊवारीचा काचा मारून, पायात त्रिंबकचे जुने कॅनव्हासचे बूट चढवून वच्छला कंपन्यांच्या रुंद रस्त्यावर चालायला लागली. गल्लीतल्या चार बाया तिच्यामागून निघाल्या. भोंगा वाजायच्या आत त्या मोठ्या चौकापर्यंत जाऊन परत यायच्या, आणि वाटेत कोणाच्या घरात काय शिजतंय याचा सगळा हिशेब पुरा व्हायचा.

गिरणीवाल्या अप्पारावच्या धान्याच्या काट्यावर उभं राहून वच्छला वजन करायची. सुरुवातीला चार-पाच किलो झरझर उतरलं. मग काटा जो रुसला तो रुसलाच. ती जास्त चालली, अर्धी भाकरी कमी केली, रात्रीचं जेवण सोडलं, काटा हलेना. वर चक्कर यायला लागली ती वेगळीच. अप्पाराव म्हणायचा, "वैनी, काटा बिघडला नाय बरं का, मी सकाळीच ज्वारी मोजली."

चालणाऱ्या बायांत द्वारका मॅडम होत्या. शेजारच्याच दारात राहायच्या, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि गळ्यात कायम शिट्टी असायची. त्या वच्छलाला म्हणाल्या, "ताई, चालणं सोडू नका, पण सोबत थोडं वजन उचला. नुसत्या चालण्यानं दम वाढतो. अंगातली ताकद उचलल्यानं वाढते, आणि ताकदीचं अंग बसल्याजागीही जास्त चरबी जाळतं. काटा मग हलतो."

वच्छला हसली. "काय मॅडम! वजन उचलून का कुणी बारीक होतं? पैलवान बघा की, उचलून उचलून कसे रेड्यावानी झालेत. मला बारीक व्हायचंय, तालमीत नाय जायचं."

मॅडमनी वाद घातला नाही. तसेही ते दिवस वाद घालायचे नव्हते. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला होता, आणि त्याची धग गल्लीतही पोचली होती. द्वारका मॅडम नामांतराच्या मोर्च्याला जायच्या, उघडपणे जायच्या. हळूहळू चालणाऱ्या बाया पांगल्या. एकीला सकाळी उठवेना, दुसरीला थंडी बाधायला लागली. कारणं सगळ्यांकडं होती, खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांतलीच भागूबाई वच्छलाला बाजूला घेऊन म्हणाली, "तू कशाला जातीस गं तिच्यासंगं?" वच्छला म्हणाली, "मला एकटीला कुत्र्यांचं भ्याव वाटतं." कुत्री तर त्या रस्त्याला औषधालाही नव्हती. पण वच्छला आणि मॅडम दोघी चालत राहिल्या.

आणि मग त्रिंबकची माय, मंजुळाबाई, गावाकडं पडली. सत्तरीतही मेंढरांमागं हिंडणारी बाई. जाळीचा खुंटा उपटताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सळी घातली, त्या पायावर भार द्यायचा नाही अशी ताकीद मिळाली आणि म्हातारीची खाट बजाजनगरात येऊन पडली. खाटेवर भांडं लावलं तर तिला होतच नसे. म्हणून त्रिंबकनं एका जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं. खाटेवरून उचलायचं, खुर्चीवर बसवायचं, परत आणायचं. त्रिंबक घरी असला की प्रश्न नव्हता.

तो कामावर गेला की मात्र प्रश्नच प्रश्न. पहिल्याच दिवशी वच्छला कमरेत वाकली, म्हातारीच्या काखांत हात घातले आणि ओढलं. पाठीत अशी कळ आली की दोघी सासू-सुना खाटेच्या कडेवरून घसरत जमिनीवर आल्या. नशीब म्हणून पायाला काही झालं नाही. पाळी संपवून त्रिंबक आला तोवर दोघी तशाच भिंतीला टेकून बसून होत्या. शेजारणी मदतीला यायच्या, पण म्हातारी परक्या बाईला हात लावू देईना.

त्यानंतर मंजुळाबाईनं काही मागणंच बंद केलं. "आत्याबाई, न्यायचं का?" तर "नाय, त्रिंबक आल्यावर." वच्छलाला आधी बरं वाटलं. मग एका दुपारी खाटेखालचा तांब्या घासायला उचलला आणि तिच्या लक्षात आलं की तो सकाळी भरला तसाच काठोकाठ भरलेला आहे. कालही तसाच होता. परवाही. म्हातारीचे ओठ सुकले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती, आणि उठवायला लागू नये म्हणून ही बाई दिवसभर पाण्याचा थेंब घेत नव्हती. रात्री लेक घरी असला की घोटभर प्यायची, तेवढंच.

वच्छला मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. कारण याच म्हातारीच्या पाठीवरून ती एकदा जिवंत परत आली होती. पहिलं बाळंतपण होतं, मेंढरांचा वाडा माळावर उतरलेला, काळ्या रानात गुडघाभर चिखल, बैलगाडी यायला वाट नाही. अडलेल्या सुनेला मंजुळाबाईनं पाठुंगळी घेतलं आणि म्हणाली, "डोळे झाक आन मह्या गळ्याला धर." रुळापलीकडच्या सडकेपर्यंत ती कुठंही थांबली नाही. आणि आता तिला वीतभर उचलायला सुनेचे हात पुरत नव्हते.

त्याच संध्याकाळी वच्छला द्वारका मॅडमच्या दारात उभी राहिली. "मॅडम, बारीक होण्याचं जाऊ द्या चुलीत. मला आत्याबाईला उचलायला शिकवा."

"दोन्ही होईल," मॅडम म्हणाल्या. "या आत."

मॅडमनी तेलाचा रिकामा डबा घेतला, त्यात थोडी वाळू भरली. आधी नुसतं पाटावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. मग डबा छातीशी धरून बसायचं, उठायचं. "कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा. वजन अंगाजवळ घ्या. मांड्यांनी उठा." भिंतीला हात लावून रेटायचं, बादल्या दोन्ही हातांत घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या. एक दिवस उचलायचं, एक दिवस हातापायांना आराम द्यायचा, चालणं रोजचं चालूच. आणि उपास बंद! डाळ खा, शेंगदाणे खा, अंडं चालत असेल तर अंडं खा. वच्छलाला पहिल्यांदा असं दुखलं की दाराची पायरी उतरताना तिला माय-बाप आठवत होते. पण अंग सरावलं की मॅडम डब्यात आणखी दोन ओंजळी वाळू घालायच्या.

गल्लीतल्या बाया खिडकीतून बघायच्या. वच्छलानं खिडकी लावून घेतली नाही. दळणाचा डबा आता तीच डोक्यावर न्यायला लागली. अप्पारावनं कौतुकानं काट्यावर उभं केलं, तर काटा होता तिथंच. "बघा!" ती मॅडमवर उखडली. मॅडम म्हणाल्या, "परकराची नाडी बघा." खरंच, नाडीची गाठ चांगली चार बोटं आत सरकली होती. पुढं काटाही खाली यायला लागला. गुडघे उठता-बसता बोलेनासे झाले. म्हातारी मात्र अजून दिवसा पाणी पीत नव्हती, आणि वच्छलाला अजून धीर होत नव्हता. वाळूचा डबा पडला तर वाळू सांडते, एवढंच. सळी घातलेला पाय पडला तर?

मग तो बंदचा दिवस आला. नामांतरावरून शहरात सकाळीच दगडफेक झाली म्हणे, बसगाड्या थांबल्या. मॅडम शहरात गेलेल्या, तिकडंच अडकल्या. त्रिंबकची पाळी संपली तरी तो आला नाही. दुपार कलली तेव्हा कंपनीतून निरोप आला: बदलीची माणसं पोचली नाहीत, आहेत त्यांनाच थांबवून घेतलंय, त्रिंबक उद्या येईल. गल्लीत चिडीचूप होती.

मंजुळाबाईनं निरोप ऐकला आणि भिंतीकडं तोंड केलं. वच्छलाला चादरीखाली तिच्या मुठी वळलेल्या दिसल्या.

"आत्याबाई, मी उचलते."

"नगं. कळ काढते मी."

"उद्यापर्यंत?"

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. असं वच्छलानं आजवर कधी पाहिलं नव्हतं, म्हातारीचं स्वतःचं एक लेकरू गेलं तेव्हासुद्धा नाही. वच्छलानं खुर्ची खाटेला लावली, पाय फाकवून गुडघ्यात बसली, आणि तिचे हात लटलटा कापायला लागले.

मंजुळाबाईनं ते हात पाहिले. जन्मभर अडलेल्या, लंगड्या, बुजऱ्या जनावरांना हाताळलेली बाई ती. तिला भीती लांबूनच कळायची.

"वच्छे, भ्यायलीस व्हय? अगं, मला सासू नको समजू. गाभण मेंढी समज. ओढ्यात पाणी हाय आन पल्याड न्यायचीय. कशी घेशील?"

"छातीला लावून."

"मंग? लांब काऊन धरायलीस मला?"

वच्छलाला रडता रडता हसू फुटलं. मॅडम तेलाचा डबा घेऊन तेच तर सांगत होत्या, आणि तिचं अंग ते लहानपणापासून जाणत होतं. मधल्या काही वर्षांत तेवढं विसरलं होतं. ती आणखी पुढं सरकली, एक हात पाठीमागून घातला, दुसरा मांड्यांखालून, आणि म्हातारीला पोटाशी ओढून घेतलं.

"आत्याबाई, डोळे झाका आन मह्या गळ्याला धरा."

मंजुळाबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग डोळे झाकले.

वच्छलानं श्वास भरला आणि मांड्यांवर जोर देऊन उठली. पाठीत कळ आली नाही. गुडघ्यांनीही दगा दिला नाही. दोन पावलं वळून तिनं म्हातारीला अलगद खुर्चीवर टेकवलं, आडोशाला लुगडं धरलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. भिंतीपलीकडं मॅडमचं कुलूपबंद घर होतं. या भिंतीला हात लावून या बाईनं आपल्याला रेटायला शिकवलं, गल्ली काय म्हणेल याची फिकीर केली नाही, हे वच्छलाला आठवलं. मॅडम सुखरूप परत येऊ देत, म्हणून तिनं तिथल्या तिथं खंडोबाला हात जोडले.

परत आणताना भीती नव्हती. खाटेवर टेकवल्यावर मंजुळाबाईनं सुनेच्या दंडावर हात फिरवला, बाजारात मेंढी पारखतात तसा दाबून पाहिला आणि समाधानानं मान हलवली.

"वच्छे, तांब्या दे इकडं."

तांब्या दोन्ही हातांत धरून म्हातारी घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून ओघळलं, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यावरून खाली गेलं, तिनं पुसलंही नाही. तळ दिसल्यावरच थांबली आणि रिकामा तांब्या सुनेपुढं धरला.

"भरून आण," ती म्हणाली. "लई दिसाची तहान हाय."