थांबलेला पंखा

जांभ्या दगडाचा, पठारासारखा पसरलेला उघडाबोडका सडा, आणि त्यावर आधी ताम्रवर्णी, मग रक्तवर्णी, मग राखवर्णी होत गेलेली हेमंतातली सांज. वारा नव्हता. पाखरू नव्हतं. कड्याच्या टोकाशी दरीतलं धुकं तेवढं निःशब्द उभं होतं.

सड्याच्या मध्यावर एक जुनी, रक्तचंदनी मोटार गुरगुरत होती. उघड्या बॉनेटखाली इंजिनावर ओणवी झालेली शर्मिष्ठा. स्टिअरिंगपाशी तिचा धाकटा भाऊ उदाजी. उद्या घाटातली शर्यत. गेल्या साली शेवटच्या चढावर याच गाडीचा दम तुटला होता, आणि तो पराभव वर्षभर शर्मिष्ठेच्या उशाशी जागत बसला होता. आता इंजिनात जोरानं हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवून झाला होता. उरली होती फक्त इंधन पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ.

ठिणगी अंमळ आधी पडली, तर बळ वाढतं. फारच आधी पडली, तर इंजिन आतल्या आत स्वतःलाच ठोकू लागतं.

एका हातात दर ठिणगीसरशी लुकलुकणारा टायमिंगचा दिवा, दुसऱ्या हातानं ती ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसाकेसानं फिरवत होती. गुरगुर गहिरी झाली, उग्र झाली, उन्मत्त झाली.

"आक्का, पुरं कर. ठोका ऐकू येतोय."

"जरासं अजून, उदा."

ठोका तिलाही ऐकू येत होता. टण्, टण्, टण्. बंद दाराआडून कुणी बोटाच्या पेरानं खुणवावं तसा.

उजेड सरला. दिव्याची शुभ्र लखलख आणि इंजिनापुढच्या पंख्याची भिरभिर यांचं कसं कोण जाणे सूत जुळलं, आणि गरगरणारा पंखा तिच्या डोळ्यांपुढे थांबला. निश्चल, निष्पाप, पोलादी पाकळ्यांचं थंडगार फूल! एका पाकळीवर इवलासा डाग होता. पुसावा, असं तिला वाटलं. इतकंच वाटलं, आणि हात आपला आपणच निघाला.

बॉनेटखालच्या फटीतून उदाजीला तो हात दिसला. "आक्का! हात!"

उदाजीनं चावी फिरवली. ठिणगीवर लुकलुकणारा दिवा विझला, फूल काळोखात बुडालं. पण इंजिन थांबेना. तापलेलं पोलाद आपल्याच धगीनं पेटत, आचके देत, कुणाच्या आज्ञेवाचून फिरत राहिलं. न दिसणाऱ्या पात्यांचा वारा शर्मिष्ठेच्या बोटांवर आला. ती थिजली. हात पुढेही जाईना, मागेही येईना.

उदाजीनं ब्रेक घट्ट दाबला, वरचा गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मुळापासून हादरली, कण्हली, आणि गप्प झाली.

तो धावत आला. अंधारात त्यानं तिची बोटं चाचपली. एकेक, एकेक, लहान मुलाची चाचपावी तशी.

"चावी बंद होती, आक्का," तो कुजबुजला. "तरी गाडी चालूच होती."

"ठिणगी मागं घेते," ती म्हणाली. "हरलो तर हरलो."

पण त्यानं हात सोडला नाही. त्याच्या तळव्यात तिचा तळवा. आणि मधल्या बोटाच्या, पात्यानं कातरलेल्या नखाकडेनं हळूहळू फुलत आलेला रक्ताचा एक ऊन, एक चिकट, एक जिवंत थेंब.