वामनरावांची भीड

आदिलाबादेत वामनराव ऑडिटरांचं नाव काढलं की चांगल्या चांगल्यांचा घसा कोरडा पडायचा. आणि वामनरावांना त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोला! निजामाच्या काळात आजोबा तहसिलीत पेशकार म्हणून आले, तेव्हापासून घराणं इथलंच. पण रुबाब अजून पेशकाराचाच. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास विचारायचं, "साहेब, लबाड माणूस ओळखता कसा हो तुम्ही?" मग हे महाराज घास हातात धरून सांगायचे, "आकडे मागाहून बघतो मी. आधी माणूस बघतो. प्रश्न विचारला आणि घाम फुटला, की समजायचं." समोरचे माना डोलवायचे. असं वर्षानुवर्षं चाललं, आणि ते वाक्य बेल्यापासून इचोड्यापर्यंत लोकांच्या तोंडी बसलं.

आता बेल्याच्या धम्मदीपचं बघा. मारोतीबुवाचा मुलगा. बाप दुसऱ्याच्या वावरात राबला, हा शिकून मास्तर झाला. माणूस गरीब गाय, पण जन्माचा एक त्रास: तळहात सदा ओले. लिहायला बसला की हाताखाली रुमाल घ्यावा लागे, नाहीतर कागद भिजे. लग्नात प्रगतीच्या हातात हात दिला तेव्हा ती बिचारी दचकली होती म्हणे. असा हा धम्मदीप आजूबाजूच्या मास्तर-कारकुनांच्या बचत मंडळाचा सचिव होता. आपल्या लेकरांना आदिलाबादेत परीक्षेच्या अभ्यासाला बसायला स्वतःची हक्काची जागा असावी, चार खोल्यांची अभ्यासिका बांधावी, म्हणून ही सगळी मंडळी दर पगाराला थोडं थोडं बाजूला टाकत होती. मंडळाची कचेरी म्हणजे धम्मदीपच्या घराची पुढची खोली.

वामनराव दर साली तिथं तपासणीला जायचे. प्रगती चहा घेऊन यायची आणि हे दरवर्षी हात वर करायचे. "नको. तपासणीला गेलो की मी कुठं काही घेत नसतो. तत्त्व आहे माझं." ती चहा परत न्यायची. पाण्याचा पेला तेवढा टेबलावर राहायचा आणि संध्याकाळी तसाच भरलेला उचलला जायचा. मग सुरू व्हायचं. "धम्मदीप, हे असल्या फाटक्या कागदावरचं बिल कुणी दिलं तुला? ही सही अशी वाकडी काऊन?" धम्मदीप उत्तर द्यायचा ते बरोबरच असायचं, पण देताना कपाळ डबडबून जायचं, शब्द मागंपुढं व्हायचे. मग वामनरावांना आणखी जोर चढायचा. चूक कधीच सापडली नाही. पण "आहे काहीतरी" हे त्यांच्या मनातून कधी गेलंही नाही.

आणि त्याच बेल्याच्या रस्त्यावर अमृतरावाची कापसाची जिनिंग होती. अहाहा, काय तो माणूस! वामनरावांची गाडी फाटकात शिरायचा अवकाश, हा पायऱ्या उतरून पुढे. वाकून नमस्कार. "या काका! आईनं सकाळपासून रोडगे लावले तुमच्यासाठी. वांग्याचं भरीत हाये, वरण हाये. पह्यले जेवण, मंग तपासणी." आणि वामनराव जेवायचे. तत्त्व? ते बहुधा गाडीत राहायचं. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, "अहो, घरच्यासारखी माणसं ती. आपल्यातलीच."

धम्मदीप आणि अमृतराव वयानं सारखेच. पण एकाला 'तू' आणि दुसऱ्याला 'तुम्ही'. हेही वामनरावांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या साली फेब्रुवारीत गोदामातल्या रुईच्या गाठी मोजायच्या होत्या. त्याच गाठींवर जिनिंगची बँकेतली सगळी पत उभी. मोजायची रीत अशी की नुसत्या बाहेरून ओळी मोजून भागत नाही. थप्पीच्या मधल्या दोन-चार गाठी ओढून काढायच्या, आत माल भरलेला आहे की पोकळ ते बघायचं. वामनरावांना हे काय शिकवायला हवं होतं? हाताखालच्या पंचवीस पोरांना त्यांनीच शिकवलेलं. भरपेट जेवून ते गोदामाच्या दारात उभे राहिले. थप्प्या छताला टेकलेल्या. आणि अमृतराव छातीवर हात ठेवून म्हणाला, "मोजा काका. एकेक गाठ उतरवतो. हमाल बोलावून ठेवले. तुमी मोजल्याबिगर मी आज इथून हालत नाई."

तिथंच घात झाला. माणूस इतका मोकळेपणानं मोजा म्हणतो, मग मोजायचं कसं? नुकतं त्याच्या आईनं आग्रहानं तूप वाढलेलं. हात धुतले तो ओलावा अजून बोटांना. आता हमालांना थप्पी फोडायला लावायची म्हणजे त्या माउलीच्या तोंडावर तुमचा मुलगा चोर आहे म्हणण्यासारखं. वामनरावांना भीड पडली. अशी पडली की जीभ उचलेना. "अहो, राहू द्या अमृतराव," ते हसून म्हणाले, "तुमच्याकडं काय मोजायचं!" बाहेरच्या ओळी नजरेनंच मोजल्या आणि सही ठोकली.

त्यानंतर आठवड्यानं धम्मदीप त्यांच्या कचेरीत आला. चप्पल बाहेर काढून, खुर्चीच्या टोकावर बसून. अमृतराव लोकांकडून ठेवी घेत होता, बँकेपेक्षा बरंच जास्त व्याज कबूल करत होता. मंडळातल्या लोकांना घाई झाली होती, पैसे तिथं ठेवले की अभ्यासिका दोन वर्षं आधी उभी राहील म्हणून. "पण साहेब, मले भेव वाटून राह्यलं," धम्मदीप रुमालानं तळहात पुसत म्हणाला. "इतकं व्याज तो देते कुठून? तुमी त्याची जिनिंग तपासली. तुमी नाई म्हणा, मी सगळ्याले सांगतो."

बघा, माणूस नको म्हणवून घ्यायला आला होता. एवढं तोंडात आणून दिलेलं. पण वामनराव हसले. "तुला कशाचं भेव वाटत नाही, ते सांग आधी! अरे, पैसा लावायला काळीज लागतं. अमृतरावांचं गोदाम मी या डोळ्यांनी बघितलंय. गाठी मोजल्यात. काही काळजी करू नको." धम्मदीपनं मान खाली घातली आणि गेला. बेल्याला जाऊन त्यानं सभेत सांगितलं, साहेबांनी स्वतः गाठी मोजल्या. बस, ठराव झाला.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. दिवाळीनंतर बँकेची माणसं आली. त्यांना काही कुणी रोडगे-भरीत वाढलेलं नव्हतं. त्यांनी थप्पी फोडली. बाहेरून एक पदर गाठींचा, आत बांबूची चौकट आणि वर ताडपत्री. अमृतराव आधीच लोकांच्या ठेवी घेऊन नागपूरकडं पसार. आई तेवढी मागं राहिली होती, दाराला कडी लावून.

घरी दमयंतीबाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही तर मोजल्या होत्या ना?"

"हो," वामनराव म्हणाले. "मागाहून काढल्या असतील त्यानं."

बायकोशी खोटं बोलले. बत्तीस वर्षांच्या संसारात लहानसहान थापा मारल्या असतील, कोण मारत नाही? पण ही बोलताना त्यांचं त्यांनाच कळलं की आपण दमयंतीच्या डोळ्यांकडं न बघता टीव्हीकडं बघून बोललो. रात्रीचं जेवण गेलं नाही. अपचन झालंय म्हणाले.

आणि मग बेल्याहून निरोप आला. लोक म्हणत होते, धम्मदीपनं अमृतरावाकडून कमिशन खाल्लं. नाहीतर सगळ्यांचा पैसा तिथं नेला काऊन? रविवारी शाळेत सभा होती. धम्मदीपला काढायचं, पोलिसात तक्रार द्यायची. तक्रार गेली की मास्तरकी निलंबित, जन्मभराची अब्रू मातीत. आणि निरोपाच्या शेवटी हे: 'साहेबांनी यावं. साहेब त्याले चांगले ओळखतात.'

वामनराव गेले. वाटेत गाडीत त्यांनी एक वाक्य घोटून ठेवलं: "सदर प्रकरणी उपलब्ध माहितीच्या आधारे सचिवांविषयी प्रतिकूल मत देता येत नाही." छान वाक्य. धम्मदीपही सुटतो, आपणही सुटतो. जिनिंगवरून गाडी गेली तेव्हा त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

शाळेच्या वर्गात बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. वामनरावांना खुर्ची, समोर टेबल, टेबलावर पाण्याचा पेला. धम्मदीप फळ्याजवळ उभा, त्याच्याच वर्गात, पोरासारखा. सभासद भगवानराव कारकून विचारत होते आणि तो उत्तरं देत होता. खरीच देत होता. पण कपाळावरून धारा लागलेल्या, रुमाल चिंब, शब्द अडकलेले.

"पाहा!" भगवानराव बाकांकडं वळून ओरडले. "पाहा कसा घाम फुटला त्याले! साहेबच सांगतात, प्रश्न विचारला आणि घाम फुटला, की समजायचं! होय ना साहेब?"

सगळा वर्ग वामनरावांकडं वळला. स्वतःचंच वाक्य असं दुसऱ्याच्या तोंडून, समोर त्या माणसाला उभं करून ऐकलं, आणि वामनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोटलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. ते उठले.

"धम्मदीपनं काही केलं नाही," ते म्हणाले. "तो मला विचारायला आला होता. त्याला नकोच होतं. मी त्याला सांगितलं, गाठी मोजल्यात. मी मोजल्या नव्हत्या."

मग भगवानरावांनी हात जोडले. "साहेब, तुमचं मन मोठं. पण आमच्या मास्तराले वाचवासाठी तुमी कायले आपल्या अंगावर घेता?" मागून आणखी दोघं-तिघं बोलले, "मोठी माणसं अशीच राहतात!" कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

काय म्हणावं याला! आयुष्यभर ताठ मानेनं, खणखणीत आवाजात बोलायची सवय. आज खरं बोलले तेही त्याच आवाजात, तर ते कुणाला खरंच वाटेना. धम्मदीप खरं बोलला तर चोर आणि हे चोरी कबूल करतात तर संत. टाळ्या ऐकून वामनरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आणि खरं सांगायचं तर मनात एक हलकट विचार येऊनही गेला: बसावं खाली. आपण तर सांगितलं. लोकांनी मानलं नाही, त्याला आपण काय करणार?

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं प्रगती उठली.

"काऊन नाई मोजल्या?" तिनं विचारलं. ओरडून नाही, साधंच.

"अं?"

"तुमी आमच्या घरी चुन्याच्या डब्बीचीबी पावती मागता. तिथं काऊन नाई मोजल्या? ते सांगा. मंग आमी मानू."

वामनरावांनी समोरच्या टेबलाकडं बघितलं. "त्याच्या घरी जेवलो होतो," ते म्हणाले, आणि या वेळी आवाज खणखणीत नव्हता. "त्याच्या आईनं वाढलं होतं. मग... मग मोजा म्हणायची भीड पडली मला."

"दरसाली जेवत होते?"

"हो."

"आन् आमच्या घरी?" प्रगती म्हणाली. "चहा आणला की तत्त्व सांगत होते तुमी. पाण्याचा पेला मीच उचलत होती, भरलेला. तत्त्व होतं ना ते? मंग तिकडं कुठं गेलं?"

तिथं बसलेल्या कितीतरी जणांच्या घरांतून असे भरलेले पेले उचलले गेले होते, त्यांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. वामनरावांना मात्र आज पहिल्यांदा ते दिसलं, आणि तेही भर सभेत. आपण जातबीत मानत नाही, आपण कधीच मानली नाही, असं ते छाती ठोकून सांगत आले होते. सांगताना कधी घाम फुटला नव्हता. आज बगला भिजल्या होत्या, कपाळावरून थेंब चष्म्यावर उतरला होता. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"तत्त्व नव्हतं ते," ते म्हणाले. "त्याच्याकडं भीड पडली, तुमच्याकडं कधी पडली नाही. म्हणून तुमचं मोजत राहिलो आणि त्याचं नाही मोजलं. धम्मदीप, तुम्ही... तुम्ही हे लिहा. मी सही करतो. पोलिसातही हेच सांगतो."

आता मात्र सगळ्यांना पटलं. असलं काही माणूस मन मोठं करून अंगावर घेत नाही. भगवानराव खाली बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. धम्मदीपनं रुमाल पिळला, हाताखाली घेतला आणि लिहायला लागला. तो लिहीत असताना कुणी त्याच्या कपाळाकडं बघत नव्हतं.

सही करून झाली. वामनरावांच्या घशाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटली होती. त्यांनी टेबलावरचा पेला उचलला. वर्गातल्या सगळ्यांची नजर त्या पेल्यावर आली.

"राहू द्या साहेब," प्रगती म्हणाली. "तहान असन तर प्या. आमाले दाखवासाठी नका पेऊ."

वामनराव पेला हातात धरून उभे राहिले. त्यांना तहान लागली होती, अगदी खरी लागली होती. पण ते आता या लोकांना कुठल्या तोंडानं सांगायचं, हे त्यांना कळेना.