चार संदर्भ आणि सूचीबाहेरचे दोन

बेबीनंदा भोकरदनच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. तिचे वडील तातेराव हसनाबादला रोजंदारीवर राबले, पण मुलीला पीएच.डी. होईपर्यंत त्यांनी थांबू दिलं नाही. १९८८ साली ग्राफ थिअरीवरचा, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या गणितावरचा, तिचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. आठ वर्षांनी बढतीची मुलाखत झाली, तेव्हा निवड समितीच्या अध्यक्षांनी एक कागद पुढं केला.

"मॅडम, तुमच्या लेखाचा संदर्भ आजवर चारच संशोधकांनी दिलाय. रसायनशास्त्राच्या काकासाहेबांच्या लेखाचा एकेचाळीस जणांनी. प्रभाव कुठाय?"

"सर, रसायनाच्या मापानं गणित मोजून कसं चालेल?"

"मग कोणत्या मापानं मोजू? दाखवा."

"दाखवते. सुट्टी संपेपर्यंत वेळ द्या."

मे महिन्यात तिनं पुण्याला जायला बॅग भरली. आई, केशरबाई, दारात उभी राहिली.

"सुट्टीतबी चाललीस? तिथं काय करनार हाय तू?"

"आई, माझं काम कुणाच्या उपयोगी पडलं न्हाई, असं म्हणतात ते. खरंय का, ते बघायचंय."

"अन् खरं निघालं, मंग?"

"तसं लिहून देईन."

पुण्यातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात संदर्भसूचीचे जाडजूड खंड होते. कोणत्या लेखाचा संदर्भ पुढं कुणी दिला, ते बारीक अक्षरात छापलेलं. तिनं १९८८ सालचे गणितातले ऐंशी लेख निवडले आणि एकेक शोधत गेली. डोळे चुरचुरायचे, ती तोंड धुऊन पुन्हा बसायची. पाच आठवड्यांनी तक्ता तयार झाला आणि चित्र स्पष्ट झालं. निम्म्या लेखांना दोन किंवा त्याहून कमी संदर्भ होते आणि त्यातले बरेचसे लेख छापल्यावर पाच-सहा वर्षांनी आलेले. रसायनात तेवढ्या काळात लेख जुनाही होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ग्राफ थिअरी वापरणारी संगणकशास्त्रातली मंडळी आपलं काम बहुधा परिषदांमध्ये मांडतात आणि त्या परिषदांचे ग्रंथ सूचीत नव्हतेच. तिनं ते कपाटातून काढून पानपान चाळले. तिच्या लेखाचे दोन संदर्भ सापडले. पहिल्यात तिची पद्धत वापरली होती. दुसरा मात्र चूक काढणारा होता. आलेख (ग्राफ) सलग नसेल, त्याचे सुटे तुकडे असतील, तर तिच्या लेखातलं तिसरं विधान टिकत नाही, असं त्यात उदाहरणासह दाखवलं होतं.

तिनं ते उदाहरण तीनदा तपासलं. ते बरोबर होतं.

जूनमध्ये तिनं अहवाल दिला. शेवटच्या पानावर सहाही संदर्भ आणि सहाव्यापुढं 'चूक दाखवणारा' अशी नोंद.

"ही नोंद गाळली असती तर तुमचा फायदाच होता," अध्यक्ष म्हणाले.

"मीच सोयीचं तेवढं निवडून सांगायला लागले, तर तुमच्या आकड्यांकडं बोट दाखवायला मला तोंड राहत नाही, सर."

त्या वर्षी बढती मिळाली नाही. पण यापुढं लेखांची तुलना त्याच विषयातल्या, त्याच काळातल्या लेखांशी करायची, असं समितीनं लेखी ठरवलं. बेबीनंदानं चुकलेलं विधान हाती घेतलं. सात महिने झगडून ते टिकेल अशी नवी अट शोधली, दुरुस्तीचा लेख छापून आणला. १९९८ मध्ये बढतीचं पत्र आलं.

पुढं जालन्याचे दोन प्राध्यापक तिचा तक्ता मागायला आले. त्यांचा विषय संख्याशास्त्र होता.

"हा गणिताचा आहे, तुमच्या कामाचा नाही," ती म्हणाली आणि पद्धत समजावून सांगायला तिनं फळ्यावर रेघ ओढली. "तुमचे ऐंशी लेख तुम्हीच शोधा. बसा, कसं ते सांगते."