गुलाबी गोळीचं गाणं आणि मी

मित्रांनो, मी पौडच्या बाजारातला जुना कर्णा आहे. लग्नाच्या मांडवावर बांधतात ना, तो पत्र्याचा भोंगा! पुण्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या नबीलालने मला एसटीच्या टपावर घालून मुळशीत आणलं. त्याच्या बायकोने, रहिमतबीने, मला पदराने पुसलं आणि विचारलं, "अवो, आता ह्ये रोज वरडणार व्हय?"

ओरडलो की! लग्नं, उरूस, पुढाऱ्यांची भाषणं, हरवलेल्या शेळ्या, सारं मीच जगाला सांगितलं. "नबीलालचा कर्णा डोंगरापल्याड मुठा गावात ऐकू जातो," असं लोक म्हणत. मीही फुगत असे.

मग एशियाडच्या वर्षी, ब्याऐंशी साली, एका नव्या गाण्याची तबकडी आली. डॉक्टरने लिहून दिलेली गुलाबी गोळी खाल्ली की म्हणे सारं दुःख पळतं! सकाळी तेच, दुपारी तेच. हळदीला तेच आणि बारशालाही तेच. मला घसा असता तर केव्हाच बसला असता. पण मला विचारतो कोण? माझ्या तोंडात कुणीही काहीही घालावं आणि मी ते गावभर करावं, हाच माझा जन्म.

शेजारच्या गोजराबाईला सरकारी दवाखान्यातून रक्तदाबाच्या गोळ्या मिळत. नेमक्या गुलाबी! झालं. बायका विरजण मागावं तशा तिच्याकडे गोळ्या मागू लागल्या. तीही भोळी, मूठ उघडून द्यायची.

त्या उन्हाळ्यात रहिमतबीची एकुलती एक लेक सासरी गेली होती. घर खायला उठायचं. तिनेही एक गोळी मागून घेतली. एकीने काही होईना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घेतल्या आणि चुलीपुढेच कोसळली. नबीलालने तिला पाठुंगळीला घेऊन दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओरडले, "हिचा रक्तदाब मुळातच कमी! कुणी दिल्या या गोळ्या? शुद्धीवर येईपर्यंत मी काही सांगू शकत नाही."

आणि दैवाचा खेळ बघा. त्याच वेळी बाजारात एक मोटार वाफा सोडत थांबली आणि पाणी मागायला उतरला तो त्याच गाण्याचा गायक! लोकांनी त्याला खांद्यावरच घ्यायचं बाकी ठेवलं आणि नबीलालच्या दुकानातला माइक त्याच्या हातात दिला. माझ्यातून त्याचं नाव ऐकून नबीलाल दवाखान्यातून धावत आला, हात जोडून म्हणाला, "सायेब, तुमचं लोक ऐकत्यात. मायकावर एवढंच सांगा, दुसऱ्याची गोळी खाऊ नगा."

"अहो काका, ते नुसतं गाणं आहे. लोकांना कळतं की!"

"न्हाई कळत, सायेब. माज्या बायकूला न्हाई कळलं."

गायक जरा वरमला. "बरं, सांगतो," म्हणाला. पण लोकांनी गाण्यासाठी गलका केला. "एकदा म्हणतो, मग सांगतो." एकदा म्हटलं. टाळ्या पडल्या. पुन्हा म्हटलं. मी तिथे वर टांगलेला, तीच गुलाबी गोळी ओकत होतो! माझा इतका संताप कधीच झाला नव्हता.

नबीलालने माझी तार हिसडून काढली.

"ए, गाणं का बंद केलं रं?" लोक खेकसले.

"माजी रहिमत दवाखान्यात पडलीया," तो म्हणाला. "गोजराक्काची गोळी खाऊन. आजून डोळं उघडलं न्हाईत. आता वाजवू का गाणं?"

मग एकेक बाई पुढे आली, पदराची गाठ सोडून गोळी गोजराबाईच्या ओटीत टाकू लागली. गोजराबाई ओक्साबोक्शी रडत होती. "माझा डबा मोकळा झाला होता गं बायांनो. मीच आठ दिस बिनगोळीची हाय!" गायक मान खाली घालून मोटारीकडे गेला.

संध्याकाळी रहिमतबीने डोळे उघडले.

नबीलालने ती तबकडी पुन्हा लावली नाही. गिऱ्हाइकं तुटली, मी माळ्यावर गेलो. माझ्या तोंडात आता गांधीलमाश्यांचं घर आहे. मित्रांनो, मला खाली काढा असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरने ज्याला गोळी दिली, त्यालाच ती घेऊ द्या. आणि कुणी शेजारीण उसनी गोळी मागायला आलीच, तर तिला चहा टाका, जवळ बसवा आणि विचारा, "काय होतंय गं तुला?" रहिमतबीला तेवढंच हवं होतं.