टमाट्याच्या तोंडाचा नायक

मित्रांनो, मी एक जुना, पाठीला भलंमोठं पोक असलेला मॉनिटर आहे. त्या पोकावर एक कोंबडी अंडी घालायची. पण ते नंतरचं.

माझी उमेदीची वर्षं गेली ब्रह्मपुरीत, गुणवंतरावांच्या दुकानात. ते झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवत आणि संगणकावर पोस्टरं काढत. माझ्याआधीच्या पुष्कळ मॉनिटरांवर नुसती हिरवी अक्षरं उमटत. मी सोळा रंग दाखवले, तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले! तिरप्या रेघेच्या मात्र पायऱ्या व्हायच्या, आणि पळसाचा केशरी रंग नव्हताच. मग गुणवंतराव लाल आणि पिवळे ठिपके आलटून-पालटून भरायचे. लांबून बघावं, तर पळस फुललेला.

पुढे टेबलाखालचं संगणकाचं खोकं बदलत गेलं. चित्रांचं गणित करणारी नवी कार्डं आली. सोळा रंगांचे दोनशे छप्पन्न झाले, मग दीड कोटीहून जास्त. मी मात्र तोच! ते सगळे रंग दाखवण्याची ताकद माझ्यात पहिल्यापासून होती, मागणारं कोणी नव्हतं. एके दिवशी माझ्या काचेवर त्रिकोणांनी बनलेला वाघ उभा राहिला. तो वळला, तशी त्याची सावलीही वळली. मी हरखून गेलो.

मग चपटा मॉनिटर आला आणि मी माळ्यावर गेलो. कोंबडी भेटली ती तिथेच.

यंदा एका गावात मंडई होती. दिवाळीनंतरच्या या जत्रेत रात्री नाटक असतंच. नट आदेश त्यात पहिल्यांदाच नायक होणार होता आणि पोस्टर न्यायला दुकानात येऊन बसला होता. पोस्टर दुपारच्या जीपनं गेलं नाही, तर गावाला कळणार कसं? आणि नेमकी त्याच सकाळी वीज गेली-आली नि चपटा मॉनिटर काळा पडला.

गुणवंतरावांची मुलगी दिव्यानी माळ्यावर चढली. कोंबडीला हुसकून तिनं मला खाली आणलं, पुसलं, जोडलं. मी उजळलो! पण माझा लाल रंग थकला होता. आदेशचा चेहरा हिरवट दिसला, म्हणून दिव्यानीनं लाल वाढवला. पहिली प्रत छापून आली.

"काऊन वं, हा टमाट्यावानी काऊन दिसून राह्यला?" गुणवंतराव म्हणाले.

"मले का मुंग्या चावल्या का, बाई? लोक म्हणतील, नायक नाई, माकड आणलं!" आदेश रडवेला झाला.

दिव्यानी आधी पोट धरून हसली. मग तिनं गेल्या वर्षीचं, त्याच्या छोट्या भूमिकेचं पोस्टर उघडलं. चित्र म्हणजे शेवटी आकडेच: लाल किती, हिरवा किती, निळा किती. चेहऱ्याचे तेच आकडे तिनं नव्या पोस्टरात भरले. माझ्या काचेवर आदेश पुन्हा हिरवा-पिवळा दिसला.

"आता त कावीळ झाल्यासारखा दिसतो मी!"

"दिसू द्या, आदेशभाऊ. काच थकली हाय, आकडे नाई थकले."

दुसरी प्रत निघाली. सावळा, हसरा, अगदी आदेश! बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पोस्टरांची गुंडाळी छातीशी धरून तो धावत सुटला.

त्या रात्री मंडपात बसायला जागा उरली नाही म्हणे.

आता मी दुकानातच असतो. मुलं आली की दिव्यानी माझ्या काचेवर पाण्याचा बारीक थेंब ठेवते. त्यातून लाल, हिरवे, निळे ठिपके मोठे दिसतात आणि मुलं ओरडतात. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा सुरू करून बघा. आणि माझ्यासारख्याला उकिरड्यावर फोडू नका. माझ्या काचेत शिसं असतं, ते मातीत जातं. जुन्या यंत्रांचे भाग नीट सुटे करणाऱ्या ई-कचरा केंद्राकडे द्या.

माझं मात्र इतक्यात तसं काही होणार नाही. कोंबडी रोज दारात येऊन माझं पोक बघून जाते. तिलाही अजून आशा आहे.